बट्टा कोणी सोसायचा?

पेशवाईच्या हिशेबांत दोन शब्द वारंवार भेटतात : बट्टा आणि हुंडणावळ. चांदवडी, अंकुशी, हाळी अशी नाना तऱ्हेची नाणी तेव्हा चालत. एका नाण्याचे मोल दुसऱ्यात धरताना सराफ जी घट कापून घेई तो बट्टा. आणि उत्तरेत जमा झालेली रक्कम हुंडीने पुण्यात आणताना जे द्यावे लागे ती हुंडणावळ. पैसा हलविण्याची मजुरी वेगळी आणि पैसा बदलण्यातली तूट वेगळी, हा भेद आपल्या सराफी व्यवहाराला चांगला ठाऊक होता. एका देशात पगार आणि दुसऱ्या देशात घर असलेल्या माणसांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांच्या आधाराने वाचला, तर एक प्रश्न पुन:पुन्हा समोर येतो. तो म्हणजे, बट्टा सोसायचा कोणी?

इंग्रज सरकारने १८९३ साली या प्रश्नाचे उत्तर आपल्या माणसांपुरते देऊन टाकले. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा पगार रुपयांत होता, पण अनेकांचे कुटुंब आणि मुलांच्या शाळा विलायतेत होत्या. चांदीचा भाव घसरत गेला तसा, १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या, म्हणजे चोवीस पेन्सांच्या, जवळपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत पंधरा पेन्सांवर आला. घरी पाठविलेल्या प्रत्येक रुपयामागे तोटा होऊ लागला. तेव्हा सरकारने विनिमय-भरपाईचा भत्ता सुरू केला. पगाराचा निम्मा भाग, एका ठरावीक मर्यादेपर्यंत, रुपया अठरा पेन्सांचा धरून पाठविता यावा एवढा फरक त्यातून भरून मिळे. हा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे. साहेबाचा बट्टा रयतेने सोसला, असा त्याचा सरळ अर्थ.

पुढच्या शतकात प्रवाहाची दिशा उलटली. पगार समुद्रापलीकडे आणि घर इथे, अशी माणसे वाढली. त्यांतली फार मोठी संख्या आखाताकडे गेली. गंमत अशी की कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत या भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत होता. तिथली कमाई बदलून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

ही सोय मोडली ती सोन्यामुळे. मुंबईत सोन्याचा भाव बाहेरच्या बाजारापेक्षा बराच चढा असे. आखातातून चोरट्या मार्गाने सोने येई, त्याच्या किमतीचे रुपये परत आखातात जात आणि तिथून ते भारताकडे पौंडांच्या मागणीसह परतत. परकीय गंगाजळीला लागलेली ही गळती थांबविण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. पण ही व्यवस्था फार टिकली नाही. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वत:चा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पौंडाचा भाव १३.३३ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. त्याच वर्षी कतार आणि दुबई यांनी रुपया सोडून रियाल स्वीकारला. आखाती कमाई आता पुरती परकी झाली.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, बांधकामे सुरू झाली आणि केरळबरोबर आपल्या रत्नागिरी-रायगडातूनही माणसे तिकडे निघाली. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या कोकणातल्या घरांना आता आखातातल्या पैशाची वाट पाहायची सवय लागली. नेमक्या याच सुमारास, १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, आला. परदेशातली कमाई अधिकृत बँकेमार्फत आणि सरकारने धरलेल्या दरानेच आली पाहिजे, हा त्याचा दंडक. बाजारात दिरहमला जास्त रुपये मिळत असताना कामगाराने कमी घ्यायचे. पावतीवर हुंडणावळ नाममात्र दिसे. खरा बट्टा दरात दडलेला असे.

हवाला फोफावला तो या फटीत. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. सोने विकून मुंबईत रुपये मिळविलेल्या तस्कराला दुबईत परकीय चलन हवे होते. दुबईतल्या गवंड्याजवळ दिरहम होते आणि त्याला चिपळूणजवळच्या घरी रुपये हवे होते. मध्यस्थ दिरहम तिकडेच ठेवी आणि इकडे मुंबईतले रुपये घरपोच करी. पैसा समुद्र ओलांडतच नसे, ओलांडे तो केवळ निरोप. घराला दर चांगला मिळे, पोच लवकर मिळे. त्याची किंमतही होती : हातात कागद नाही, पैसे बुडाले तर दाद नाही, आणि पैसे घेणारी आईसुद्धा कायद्याच्या लेखी गुन्हेगार. गवंड्याची चार पैशांची बचत नकळत तस्कराचे भांडवल होत होती, हेही विसरता येत नाही.

सरकारने १९७४ मध्ये स्थानबद्धतेची तरतूद असलेला ‘कोफेपोसा’ आणला. धरपकड झाली, पण फट उरली तोवर धंदाही उरला. फट बुजू लागली ती आर्थिक अरिष्टानंतर. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दराची पद्धत आली : आलेल्या परकीय चलनातले ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने. ढोबळ हिशेब मांडू. सरकारी दर २६ आणि बाजारदर ३० धरला, तर शंभर डॉलरचे १,०४० अधिक १,८०० असे २,८४० रुपये झाले. बाजारात ते ३,००० होते. शेकडा पाचांहून अधिक बट्टा तेव्हाही कापला जात होताच, फक्त तो आता मोजता येऊ लागला. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही दर एक झाले. परदेशातून येणाऱ्या खासगी रकमा १९९०-९१ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलर होत्या. १९९६-९७ मध्ये त्या बारा अब्जांवर गेल्या. या वाढीत अधिकृतपणे आणलेले सोने आणि अनिवासींच्या ठेवींतून इथेच काढलेले पैसेही मोजलेले आहेत. तरीही जे छाप्यांनी साधले नव्हते त्यातले बरेच रास्त दराने साधले, असे म्हणायला जागा आहे. २००० साली ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली. हवाला बेकायदाच राहिला, पण चलनाच्या उल्लंघनाला मुख्यत: दंडाची शिक्षा आली.

आता पगार घेणारा पुण्या-नाशकात घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाराही असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, सुमारे वीस टक्के, आहे आणि पाठविणाऱ्या देशांत अमेरिका पहिली आहे. जाहिरातीत ‘शुल्क शून्य’ असते. म्हणजे हुंडणावळ माफ. पण समजा बाजारात डॉलर ८३ रुपये असताना खात्यावर ८१ च्या दराने जमा झाले, तर हजार डॉलरमागे दोन हजार रुपये गेले, आणि त्याची ओळ पावतीवर कुठेच नाही. पौंडाचे आधी डॉलर आणि मग रुपये झाले, तर बट्टा दोनदा. म्हणून शुल्क किती हे विचारण्यापेक्षा हातात रुपये किती आले आणि त्या घटकेचा बाजारदर काय होता, हे ताडून पाहणे शहाणपणाचे. जागतिक बँकही खर्च मोजताना शुल्क आणि दरातला फरक दोन्ही धरते. हा एकूण खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जगाची सरासरी अजून सहा टक्क्यांच्या वर आहे.

मोठ्या कंपन्या दरासाठी घासाघीस करू शकतात. महिन्याला पाचशे डॉलर मिळविणाऱ्याला ती ताकद नाही. १८९३ च्या साहेबाजवळ ती होती, १९७५ च्या गवंड्याजवळ नव्हती. नाणी बदलली, कायदे बदलले, तरी ज्याला सौदा करता येत नाही त्याच्याच पदरात बट्टा पडतो, हा नियम अजून बदललेला नाही.