एल्युसिसची आई आणि लेक

अथेन्सच्या वायव्येला सुमारे 20 किलोमीटरवर, सॅलमिस बेटासमोरच्या किनाऱ्यावर एल्युसिस हे गाव आहे. ग्रीक पुराणकथांपैकी बऱ्याच कथांना गाव असते ते नावापुरते. धान्याची देवी डेमिटर आणि पर्सेफोनी या मायलेकींच्या कथेचे तसे नाही. लेकीच्या शोधात दमलेली देवी ज्या विहिरीपाशी टेकली ती विहीर एल्युसिसला दाखवली जाई. जगातले पहिले पीक ज्या शेतात आले ते रारियन शिवारही तिथलेच. या कथेभोवती उभा राहिलेला उत्सव एक हजारांहून अधिक वर्षे दरसाल चालला. ग्रीक पुराणकथा टिकल्या त्या त्यांच्या काव्यामुळे, असे सर्रास म्हटले जाते. या कथेपुरते तरी ते अर्धेच खरे आहे. लोकांना तिची गरज लागत होती, पेरणीला आणि मरणालाही, म्हणून ती टिकली.

कथेचे सर्वांत जुने सविस्तर रूप डेमिटरच्या स्तोत्रात सापडते. होमरच्या नावावर मोडणारे, पण होमरचे नसलेले हे सुमारे 500 ओळींचे काव्य इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातले मानतात. पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुले वेचत असते. एका विलक्षण नरगिसाच्या फुलाकडे ती हात नेते, तोच जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन जातो. या विवाहाला तिच्या बापाची, म्हणजे झ्यूसची, संमती असते. आईला मात्र कुणी विचारलेले नसते. डेमिटर हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय भटकते. सगळे पाहणारा सूर्य अखेर तिला खरे काय ते सांगतो आणि वर समजूतही घालतो की जावई काही वाईट नाही. स्तोत्रकर्त्याचा हा बारकावा दाद देण्याजोगा आहे.

संतापलेली देवी देवांची संगत सोडून म्हातारीच्या वेषात एल्युसिसला येते. राजा केलिओसच्या मुली विहिरीवर पाणी न्यायला आलेल्या असतात. त्या तिला घरी नेतात. तिथे ती वाइन नाकारते, गप्प बसून राहते. इआम्बे नावाची दासी चावट थट्टा करून तिला हसवते, तेव्हा कुठे ती जवाचे पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती घालून केलेले पेय घेते. राणी मेटानेइराचे तान्हे मूल तिच्या हवाली केले जाते. त्याला अमर करण्यासाठी ती रोज रात्री त्याला विस्तवात ठेवते. एका रात्री आई ते पाहते आणि किंचाळते, बेत फसतो. देवी आपले खरे रूप दाखवते, स्वतःसाठी मंदिर बांधायला सांगते आणि त्या मंदिरात रुसून बसते. वर्षभर एक दाणाही उगवत नाही. माणसे मरायला टेकतात आणि देवांचे नैवेद्य बंद पडतात, तेव्हा झ्यूसला नमते घ्यावे लागते. पर्सेफोनी परत येते, पण निघताना हेडीसने तिला डाळिंबाचा एक दाणा भरवलेला असतो. त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा ती पाताळात आणि उरलेला काळ आईपाशी राहील, असे ठरते. पुढे रोमन कवी ओव्हिडने एका दाण्याचे सात केले आणि वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी करून टाकली.

पर्सेफोनी पाताळात असते तो हिवाळा, हा अर्थ शाळेच्या पुस्तकांतून सगळीकडे पोचला आहे. ती वसंतात वर येते असे स्तोत्रही सांगते. तरी अडचण अशी की ग्रीसमध्ये हिवाळ्यात रान ओसाड नसते. पावसाळा तोच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला जव तेव्हा हिरवागार डोलत असतो. रान करपते ते उन्हाळ्यात. म्हणून स्वीडिश अभ्यासक मार्टिन निल्सन यांच्यासारख्यांनी वेगळा अर्थ सुचवला. जूनच्या सुमारास मळणी झाली की धान्य जमिनीखालच्या पेवात जाई आणि शरदात पेरणीसाठी बाहेर निघे. पर्सेफोनीचा पाताळातला काळ म्हणजे दाण्यांचा पेवातला काळ. हा अर्थ सर्वांना मान्य नाही, पण एल्युसिसचा मोठा उत्सव पेरणीच्या तोंडावर येत असे, हे त्याच्या बाजूने पडते.

हा उत्सव अथेन्सच्या बोएड्रोमिऑन महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला होई. पुरोहितपण दोन घराण्यांकडे वंशपरंपरेने होते. मुख्य पुरोहित युमोल्पिड घराण्यातला, तर मशालधारी आणि दवंडी देणारा केरिकेस घराण्यातला. उत्सवाआधी दूत गावोगावी जाऊन युद्धबंदी जाहीर करत. ती 55 दिवसांची असे. दीक्षा घ्यायला अटी दोनच होत्या: ग्रीक भाषा समजली पाहिजे आणि हाताला खुनाचा डाग नसला पाहिजे. स्त्रिया, गुलाम आणि परगावचे लोकही चालत. ज्या अथेन्समध्ये मतदानाचा हक्क फक्त नागरिक पुरुषांना होता, तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

पहिल्या दिवसांत दीक्षार्थी आपापले डुकराचे पिल्लू घेऊन समुद्रावर जात, स्वतः न्हात, पिल्लालाही न्हाऊ घालत आणि मग त्याचा बळी देत. पुढे अथेन्सहून एल्युसिसकडे पवित्र रस्त्याने मिरवणूक निघे. ‘इआखोस’ असा गजर करत हजारो लोक दिवसभर चालत. वाटेत केफिसोस नदीच्या पुलावर टवाळ मंडळी दबा धरून असत आणि नामांकित नागरिकांची यथेच्छ टिंगल करत. इआम्बेने देवीला हसवले होते, त्याचीच ही आठवण असावी. अंधार पडता पडता मशालींच्या उजेडात मिरवणूक एल्युसिसला पोचे. उपास देवीच्या त्याच पेयाने सुटे. थोडक्यात, कथा ऐकायची नव्हती. उपाशी राहून आणि पाय दुखवून ती अंगावर घ्यायची होती.

रात्रीचा विधी तेलेस्टेरियन नावाच्या दालनात होई. ग्रीक मंदिर हे देवाच्या मूर्तीचे घर. लोक बाहेर उघड्यावर, वेदीभोवती जमत. तेलेस्टेरियनची रचना याच्या उलट, माणसे आत घेण्यासाठी केलेली होती. इ.स.पू. पाचव्या शतकात ते मोठे करण्यात आले. त्या आराखड्याशी पार्थेनॉनचा वास्तुकार इक्टिनोस याचे नाव जोडले जाते. सुमारे 51 मीटर लांबी-रुंदीचे हे दालन, आत 42 खांब आणि भिंतींच्या कडेने खडकात कोरलेल्या पायऱ्या. सुमारे 3,000 माणसे तिथे मावत असावीत, असा अंदाज आहे. मध्यभागी एक छोटी खोली होती, तिच्यात फक्त मुख्य पुरोहित जाऊ शके.

त्या रात्री आत काय घडे, ते आजही कुणाला माहीत नाही. एवढ्या पिढ्यांतल्या एवढ्या माणसांनी हे गुपित पाळले, हेच एल्युसिसचे खरे आश्चर्य. काही केले जाई, काही बोलले जाई आणि काही दाखवले जाई, इतपत प्राचीन लेखक सांगतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस म्हणतो की शेवटी निःशब्द शांततेत धान्याचे कापलेले कणीस दाखवत. तो या उपासनेचा विरोधक, त्यामुळे त्याच्यावर किती विसंबायचे हा प्रश्नच आहे. 1978 साली वॉसन, हॉफमन आणि रक या तिघांनी असा तर्क मांडला की जवाच्या पेयात अर्गट बुरशीचे भ्रम निर्माण करणारे द्रव्य असावे. हॉफमन हे एलएसडीचे जनक, म्हणून या तर्काचा गाजावाजा खूप झाला; पुरावा मात्र तोकडा आहे. उपास, पायपीट, काळोख आणि अचानक उजळलेला प्रकाश, यांचाही परिणाम काही कमी नसतो.

गुपित फोडणाऱ्याला मृत्युदंड होता. एल्युसिसमध्येच जन्मलेला नाटककार एस्किलस याच्यावरही नाटकातून रहस्य उघड केल्याचा आरोप आला होता. सर्वांत गाजले ते इ.स.पू. 415 चे प्रकरण. सिसिलीवरच्या मोहिमेच्या तोंडावर सेनानी अल्सिबायडीस याने खासगी मेजवानीत या विधींची नक्कल केल्याचा बोभाटा झाला. तो पळाला आणि शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. पुढे स्पार्टाने डेकेलिया येथे ठाणे दिले. रस्ता धोक्याचा झाला आणि मिरवणूक समुद्रमार्गे जाऊ लागली. इ.स.पू. 407 मध्ये अथेन्सला परतलेल्या अल्सिबायडीसनेच सैन्याचा बंदोबस्त लावून ती पुन्हा रस्त्याने नेली. गर्दी जमवण्याची कला त्याच्याकडून शिकावी.

इ.स.पू. 200 च्या सुमाराला अकार्नानियाचे दोन तरुण दीक्षा न घेताच गर्दीबरोबर आत शिरले. त्यांच्या प्रश्नांवरून ते ओळखू आले आणि मारले गेले. त्यांच्या मुलखाने मॅसिडोनियाच्या मदतीने अथेन्सवर सूड उगवला. अथेन्सने रोमकडे धाव घेतली. रोम-मॅसिडोनिया युद्धाची कारणे यापेक्षा कितीतरी खोल होती, पण रोमन इतिहासकार लिव्हीने ठिणगी म्हणून नोंदवली ती हीच.

अथेन्सने या कथेचा राजकारणासाठी उपयोग केला नसता तरच नवल. डेमिटरने एल्युसिसच्या ट्रिप्टोलेमसला शेती शिकवून जगभर पाठवले, असे अथेन्सकर सांगत. त्या आधारावर इ.स.पू. पाचव्या शतकात त्यांनी मांडलिक मित्रनगरांकडून पहिल्या पिकाचा वाटा मागितला: जवाच्या 600 मापांमागे एक, गव्हाच्या 1,200 मापांमागे एक. इतर ग्रीकांवर सक्ती नव्हती, आग्रह होता.

ग्रीसवर रोमची सत्ता आली तेव्हा एल्युसिसचा मान घटण्याऐवजी वाढला. सिसेरोने दीक्षा घेतली. आनंदाने जगण्याचेच नव्हे तर बऱ्या आशेने मरण्याचेही शिक्षण तिथे मिळते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. ऑगस्टस, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस हे सम्राटही दीक्षित होते. नीरो ग्रीसमध्ये आला पण एल्युसिसला गेला नाही. पाप्यांनी दूर व्हावे ही दवंडी ऐकण्याचे मातृहत्या केलेल्या या सम्राटाला धाडस झाले नाही, असे सुएटोनियस लिहितो.

याच काळात एक भारतीय माणूस या कथेत डोकावतो. इ.स.पू. 20 च्या सुमारास भारतातून ऑगस्टसकडे शिष्टमंडळ गेले होते. त्यातल्या एका व्यक्तीने अथेन्समध्ये स्वतःला चितेत झोकून दिले. तिचे नाव स्ट्रेबो ‘झार्मानोखेगास’ आणि कॅसियस डिओ ‘झार्मारोस’ असे देतो. नावात ‘श्रमण’ हा शब्द दडला असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. डिओच्या म्हणण्याप्रमाणे, अग्निप्रवेशापूर्वी त्याने एल्युसिसच्या दोन देवींची दीक्षा घेतली. त्यासाठी विधी नेमल्या काळाबाहेर, ऑगस्टसच्या सोयीने, करण्यात आला होता. अथेन्समधल्या त्याच्या समाधिलेखात तो बार्गोसाचा भारतीय असल्याचे म्हटले होते. बार्गोसा म्हणजे बहुधा बॅरिगाझा, आपले भडोच.

इ.स. 170 च्या सुमारास कोस्टोबोक टोळ्यांनी एल्युसिस लुटले. मार्कस ऑरेलियसने ते पुन्हा बांधून घेतले. चौथ्या शतकात ख्रिस्ती सम्राटांनी रात्रीच्या विधींवर बंदी आणली, तेव्हा ग्रीसचा प्रशासक प्रेटेक्स्टाटस याने या विधींविना ग्रीकांचे जगणे असह्य होईल असे सांगून सवलत मिळवली. ती फार काळ टिकली नाही. 391-392 मध्ये थिओडोसियसचे जुन्या उपासनांविरुद्धचे फर्मान निघाले आणि 396 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने स्थान उद्ध्वस्त केले.

विधी संपले, कथेला मात्र नवे आश्रय मिळत गेले. बर्निनीने 1621-22 मध्ये घडवलेल्या संगमरवरी शिल्पात हेडीसची बोटे पर्सेफोनीच्या मांडीत रुतलेली दिसतात. रोमच्या बोर्गेसे संग्रहात ते पाहणाऱ्याला दगडाचा विसर पडतो. रोसेट्टीने 1874 च्या चित्रात तिच्या हाती चावलेले डाळिंब दिले. हे कलावंत आधार घेत होते तो मुख्यतः ओव्हिडचा, आणि ओव्हिडच्या कथेत एल्युसिसला फारशी जागा नाही. स्तोत्राची एकमेव ज्ञात हस्तलिखित प्रत क्रिस्टियान मॅथाई या जर्मन विद्वानाला 1777 मध्ये मॉस्कोत मिळाली. ती कोंबड्या आणि डुकरांच्या गोठ्यात पडून होती, असे तो सांगत असे. डेमिटरच्या उत्सवात डुकरांचे स्थान पाहता, गोष्ट रचलेली असली तरी शोभून दिसते. स्तोत्र हाती आल्यावर कथेचा रोख बदलला. अपहरणाचे दृश्य मागे पडून आईचा राग पुढे आला आणि आज स्त्रियांच्या लेखनात ही कथा पुन्हा पुन्हा येते ती याच बाजूने.

एल्युसिसला शास्त्रशुद्ध उत्खनन 1882 पासून सुरू झाले. आजचे एलेफ्सिना हे सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि जहाजदुरुस्तीचे औद्योगिक शहर आहे. 2023 मध्ये ते युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांपैकी एक होते. उत्खननाच्याही आधी, 1801 मध्ये, केम्ब्रिजचा प्रवासी एडवर्ड क्लार्क इथे आला. तेव्हा शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडालेली स्त्रीची एक भव्य संगमरवरी मूर्ती त्याने पाहिली. गावकरी तोपर्यंत ख्रिस्ती होऊन शेकडो वर्षे लोटली होती. तरी शेते पिकतात ती हिच्यामुळे, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिला हलवायला त्यांचा कडवा विरोध होता. क्लार्कने तुर्क अधिकाऱ्याची परवानगी मिळवून ती जहाजावर चढवली. जहाज बुडेल, असे गावकऱ्यांनी बजावले होते, आणि इंग्लंडच्या बीची हेड किनाऱ्याजवळ ते खरोखरच फुटले. मूर्ती वाचली. ती डेमिटर असल्याचा क्लार्कचा समज होता; प्रत्यक्षात ती डोक्यावर पवित्र करंडी घेतलेली, प्रवेशद्वाराच्या खांबाच्या जागी उभी केलेली स्त्री आहे. तशा दोघी होत्या. क्लार्कने नेलेली केम्ब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, दुसरी एल्युसिसच्या.