उरलंसुरलं, बाटलीबंद

दिवा लावायच्या आधी खिडकीवरचा काळा पडदा नीट ओढून घ्या. उजेडाची एक फट दिसली तरी खालून कुणीतरी ओरडेल. 1943 सालचा फेब्रुवारी आहे आणि तुम्ही जर्मनीत, एसेन शहरातल्या एका स्वयंपाकघरात उभे आहात. गावात क्रुपचा तोफांचा कारखाना. देशोदेशींहून धरून आणलेली माणसं तिथे वेठीला जुंपली आहेत. त्यामुळे विमानं इथे येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

चुलीवर बटाट्याचं सूप रटरटतंय. आजीबाई फडताळातून एक बाटली काढतात. बूच उडतं, फस्स होतं. पाहुण्यासाठी असेल, म्हणून तुम्ही हात पुढे करता, तर त्या बाटली सरळ सुपात उपडी करतात! साखर रेशन कार्डावर, तीही मोजकी. या पाण्यात निदान थोडी गोडी आहे. घरोघरी अशीच मुरते ती, सुपात नि कालवणात.

तळाशी राहिलेला घोट तुमच्या वाट्याला येतो. संत्रं शोधू नका, नाहीये. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खालच्या पातेल्यात जे हिरवट पाणी गळतं, त्याचा हा जर्मन चुलतभाऊ: चीज करताना उरलेलं पाणी. सोबत सफरचंदाचा रस पिळून झाल्यावरचा चोथा, आणि त्या आठवड्यात हाती लागेल ते फळ. बाटलीवर नाव आहे फँटा.

तीन वर्षं मागे या. 1940. याच एसेनमध्ये कोका-कोलाच्या जर्मन शाखेचं बस्तान आहे. प्रमुख माक्स काइट (इंग्रजी वळणाने ‘कीथ’ म्हणालात तर कुणी ओळखणार नाही). कारखाने आहेत, बाटल्या आहेत, कामगार आहेत. नाही तो फक्त अटलांटाहून येणारा गुपित अर्क. युद्धाने तो रस्ता तोडला. मग रसायनतज्ज्ञांनी मिळेल त्यातून काहीतरी फेसाळतं जुळवलं. उरल्यासुरल्यातलं उरलेलं, असं काइटच पुढे त्याचं वर्णन करणार आहे. नावासाठी त्याने विक्रेत्यांना बसवलं: चालवा कल्पनाशक्ती! कल्पनाशक्तीला जर्मनमध्ये ‘फँटाझी’ म्हणतात. यो क्निप नावाचा विक्रेता तत्काळ म्हणाला, फँटा. झालं बारसं. आजच्या जाहिरात कंपनीने यावर सहा महिने आणि पन्नास स्लाइडी घालवल्या असत्या.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट इथे थांबवतात, टाळ्यांवर. तुम्ही थांबू नका. हे पेय हिटलरने करवून घेतलं, ही निव्वळ बाजारगप्प. पण 1941 साली फँटाला साखरेच्या निर्बंधातून सूट मिळाली, आणि जर्मनीने जिंकलेल्या देशांतल्या शीतपेयांच्या कारखान्यांची देखरेख त्या राजवटीने याच काइटकडे सोपवली. असल्या सरकारची मर्जी फुकटात मिळत नसते. 1943 या एका वर्षात फँटाची जवळपास 30 लाख खोकी विकली जातील.

तुमच्या वाढदिवसांचा नारिंगी फँटा अजून बराच लांब आहे. तो 1955 साली इटलीत, नेपल्समध्ये येईल. आणि तुमचा पार्लेवाल्यांचा गोल्ड स्पॉट 1993 साली कोका-कोलाला विकला जाईल, मग दुकानात त्याच्या जागी फँटा उभा राहील. इथे, या स्वयंपाकघरात, यातलं काहीच कुणाला सांगता येत नाही. 5 मार्चच्या रात्री या शहरावर शेकडो बॉम्बफेकी विमानं येतील, हेही नाही.

आज नुसताच भोंगा वाजतो. आजीबाई सुपावर झाकण घालतात, रिकामी बाटली न विसरता पिशवीत ठेवतात आणि तुम्हाला तळघराचा जिना दाखवतात.