पहिले कार्ड : पैसा आपला की बँकेचा?

मारेगाव (जि. यवतमाळ) - वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मारेगाव हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. येथील शेतकऱ्याच्या घरात ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द शहरातल्या दुकानांमार्गे आला नाही. तो पीककर्जाच्या वाटेने आला. आज त्याच घरात आईच्या जनधन खात्याचे डेबिट कार्ड असते, वडिलांचे किसान क्रेडिट कार्ड असते आणि पुण्या-नागपुरात नोकरीला लागलेल्या मुलाच्या पाकिटात एखाद्या बँकेचे क्रेडिट कार्ड असते. तिन्ही कार्डांचा आकार एक, तिन्हींवर सोळा-सोळा आकडे आणि तिन्ही एटीएममध्ये चालतात. मात्र एटीएममधून बाहेर येणारी नोट कोणाच्या मालकीची आहे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्डाबाबत वेगळे आहे. पहिले कार्ड हाती घेणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच.

पुस्तिकेपासून प्लास्टिकपर्यंत

देशातले पहिले क्रेडिट कार्ड मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आणले. पहिले एटीएमही मुंबईतच, १९८७ मध्ये सुरू झाले. ही सारी सोय दीर्घकाळ शहरी नोकरदार आणि व्यापारी वर्गापुरती राहिली. शेतकऱ्यांसाठी किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ मध्ये आली. आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशींच्या आधारे नाबार्डने तिचा आराखडा तयार केला होता. त्या वेळचे कार्ड म्हणजे शेतकऱ्याचे छायाचित्र, जमिनीचा तपशील आणि कर्जमर्यादा नोंदवलेली पुस्तिका होती. ती दाखवून शाखेतून पैसे उचलायचे, एवढाच तिचा उपयोग.

योजनेत २०१२ मध्ये सुधारणा झाली आणि पुस्तिकेच्या जागी एटीएममध्ये चालणारे कार्ड देण्याची तरतूद आली. त्याच वर्षी मार्चमध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ‘रुपे’ ही देशी कार्डव्यवस्था सुरू केली. पुढे २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि खात्यासोबत रुपे डेबिट कार्ड घरोघरी पोहोचले. ज्या घरात पूर्वी बँकेची पायरी फक्त कर्त्या पुरुषाने चढलेली असे, तेथे स्त्रियांच्या नावाची खाती आणि कार्डे आली. राज्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेमुळे या खात्यांत नियमित रक्कमही येऊ लागली.

डेबिट कार्ड : आपल्याच पैशाची किल्ली

डेबिट कार्डावर काढलेला पैसा खातेदाराचा स्वतःचा असतो. खात्यात जेवढे आहेत तेवढेच निघतात; कर्ज होत नाही, व्याज लागत नाही. पहिले कार्ड म्हणून तेच सर्वांत सुरक्षित. बँकेत बचत खाते असलेल्याला ते मिळते. आधार, पॅन आणि खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक पुरेसा ठरतो. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते आणि त्यावर एटीएम कार्ड विनाशुल्क मिळते.

कार्ड हाती आल्यावर पहिला पिन स्वतः तयार करावा. जन्मसाल, गाडीचा क्रमांक किंवा १२३४ असा पिन ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवे कार्ड सुरुवातीला देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र एवढ्यापुरतेच चालू असते. ऑनलाइन खरेदी, यंत्राला नुसते टेकवून होणारा व्यवहार आणि परदेशातील वापर या सोयी ग्राहकाने मागितल्यावरच सुरू होतात. त्या बंद-चालू करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय बँकेच्या ॲपवर असते. ज्याला ऑनलाइन खरेदी करायची नाही, त्याने ती सोय बंदच ठेवणे शहाणपणाचे.

एटीएमचे हिशेबही माहीत असावेत. सर्वसाधारण बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन आणि अन्यत्र पाच. त्यापुढील प्रत्येक व्यवहारावर १ मे २०२५ पासून कमाल २३ रुपये व कर आकारता येतो. यंत्रातून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा आदेश आहे. यासाठी यंत्रातून निघालेली पावती आणि मोबाईलवरचा संदेश जपून ठेवावा.

जनधन खात्याच्या रुपे कार्डाची एक बाब अनेक घरांत माहीतच नसते. या कार्डावर अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी तो दोन लाख रुपयांचा, त्याआधीच्या खात्यांसाठी एक लाखाचा. त्याला एक अट आहे : अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डाचा किमान एक यशस्वी वापर झालेला असावा. दर दोन महिन्यांनी एकदा एटीएममध्ये जाऊन शंभर-दोनशे रुपये काढण्याची सवय म्हणूनच उपयोगाची आहे.

किसान क्रेडिट कार्ड : हंगामाचे कर्ज

किसान क्रेडिट कार्डावर निघणारा पैसा बँकेचा असतो. सात-बारा, आठ-अ, ओळखपत्र आणि अन्य बँकांची थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन शाखेत वा गावच्या विविध कार्यकारी सहकारी संस्थेत अर्ज करावा लागतो. कर्जमर्यादा ठरते ती पीकनिहाय हेक्टरी कर्जदरावर. हा दर जिल्हास्तरीय समिती ठरवते. तारणाशिवाय मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये करण्यात आली. ही सोय केवळ जमीनमालकांसाठी नाही. योजनेत बटाईदार, भाडेपट्ट्याने कसणारे आणि बचत गटही बसतात. २०१९ पासून पशुपालन व मत्स्यव्यवसायालाही ती लागू झाली.

या कर्जाचे खरे मोल मुदतीत फेडण्यात आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ७ टक्के दर लागतो. वेळेवर फेडणाऱ्यास आणखी ३ टक्के सूट मिळून तो ४ टक्क्यांवर येतो. राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत उरलेला भारही उचलला जातो, आणि २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज नियमित फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. म्हणजे लाखभर रुपयांच्या वर्षभराच्या कर्जावर मुदत पाळणारा शून्य रुपये व्याज देतो, तर मुदत चुकवणारा सात हजार किंवा त्याहून अधिक. सवलत आधीच वजा होते की आधी व्याज भरून नंतर खात्यात जमा होते, हे शाखेत विचारून घ्यावे, म्हणजे ऐनवेळी रक्कम कमी पडत नाही.

पुस्तिकेऐवजी कार्ड देण्यामागे एक विचार होता. बियाणे-खताला जूनमध्ये, निंदण-फवारणीला जुलै-ऑगस्टमध्ये आणि वेचणीला दिवाळीच्या सुमारास, जेव्हा लागेल तेव्हा लागेल तेवढेच उचलावे, कारण व्याज उचललेल्या रकमेवर, उचललेल्या दिवसापासून मोजले जाते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी सगळी रक्कम एकाच दिवशी उचलण्याची आणि पुढल्या वर्षी ‘नवे-जुने’ करण्याची पद्धत पडली आहे. घरात आलेली रोकड पिकासाठी थांबत नाही. लग्न येते, आजारपण येते आणि फवारणीच्या वेळी पुन्हा सावकाराचे दार ठोठवावे लागते. ज्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख वर्षानुवर्षे पाहिले, तेथे ही केवळ हिशेबाची बाब राहत नाही. उरलेली मर्यादा खात्यातच ठेवणे हे या कार्डाचे पहिले पथ्य आहे.

शहरातील क्रेडिट कार्ड : महिन्याचा हिशेब

मुलगा नोकरीसाठी शहरात येतो तेव्हा त्याला मिळणारे क्रेडिट कार्ड वडिलांच्या कार्डाचे नाव घेऊन येते. स्वभाव मात्र उलटा असतो. किसान क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड काढणे हाच रूढ वापर आहे. शहरी क्रेडिट कार्डावर तोच वापर सर्वांत महाग पडतो, कारण रोख रकमेवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वेगळे शुल्कही लागते. शेतीचे कर्ज पीक हाती आल्यावर वर्षाकाठी फेडायचे असते. या कार्डाची मुदत दरमहा येते आणि तिला पावसापाण्याशी देणेघेणे नसते.

खरेदीवर मात्र बिलाची पूर्ण रक्कम वेळेत भरल्यास एक रुपयाही व्याज लागत नाही. गल्लत होते ती बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या ओळीमुळे. समजा, बिल २० हजारांचे आणि किमान देय एक हजार आहे. एक हजार भरले, तर कार्ड चालू राहते आणि विलंब शुल्क टळते. पण उरलेल्या १९ हजारांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज लागते, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे सुमारे १२० रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा एक हजार भरले, तर त्यातले ७८५ रुपये व्याज आणि करातच जातात. मुद्दल कमी होते ते अवघे २१५ रुपयांनी. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के; पीककर्जाच्या दराच्या सहापट.

पगाराची नोंद नसलेल्या तरुणांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. दहा-पंधरा हजारांच्या ठेवीवरचे, लहान मर्यादेचे असे कार्ड सुरुवातीला बरे. परतफेडीची नोंद पतमापन संस्थांकडे होते व ३०० ते ९०० या पट्टीत गुणांक ठरतो. पुढे घरकर्ज वा शैक्षणिक कर्ज मागताना तोच पाहिला जातो. शेतीकर्जाची थकबाकीही या नोंदीत दिसते. प्रत्येक पतमापन संस्थेकडून वर्षातून एकदा स्वतःचा संपूर्ण अहवाल मोफत मागवता येतो.

न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. तसे कार्ड देऊन शुल्क लावलेच, तर ते परत करून दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. देणे नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. न झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड. हे नियम २०२२ पासून लागू आहेत.

पिन कोणाकडे? आणि पहिले तीन दिवस

अनेक घरांत कार्ड आईच्या नावाचे, पिन मात्र मुलाला, दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला ठाऊक असतो. काहींनी तो कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवलेला असतो. यामागे विश्वास असतो, अडचणही असते. मात्र नियमांच्या दृष्टीने पिन वा ओटीपी दुसऱ्याला सांगणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागते. एटीएमवर मदत हवी असल्यास बँकेच्या कर्मचाऱ्याकडे मागावी. रांगेतल्या अनोळखी व्यक्तीच्या हाती कार्ड देऊ नये. ‘केवायसी संपली’, ‘अनुदान अडकले’, ‘कार्ड बंद होणार’ असे सांगून ओटीपी विचारणारा फोन बँकेचा नसतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवून दिली. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि बँकेकडून संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर काहीच भार नाही. चार ते सात दिवस लागले, तर त्याचा भार मर्यादित. मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त पाच हजार रुपये. त्यापुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. म्हणून खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असणे आणि घरातल्या कोणी तरी त्यावरचे संदेश वाचणे महत्त्वाचे. सिम बदलले की आधी बँकेत नोंद बदलावी.

हे लक्षात ठेवावे

- कार्ड हरवले वा अनोळखी व्यवहार दिसला, की आधी बँकेच्या क्रमांकावर कळवून कार्ड बंद करावे व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवण्याची शक्यता सर्वाधिक असते.
- बँकेकडून ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.
- डेबिट कार्ड दोन महिन्यांतून एकदा तरी वापरावे. किसान क्रेडिट कार्डाची मुदत घरातील सर्वांना माहीत असावी. शहरी क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण भरावे आणि त्यावर रोकड काढू नये.

पहिले कार्ड घेताना त्याचा रंग, त्यावरची सूट किंवा भेटकूपन यांपेक्षा शाखेत दोन प्रश्न विचारावेत. यातून निघणारा पैसा कोणाचा, आणि तो परत करायचा असेल तर कोणत्या तारखेला? ही उत्तरे घरात सगळ्यांना ठाऊक असली, तर मारेगावच्या शेतात काय किंवा पुण्याच्या नोकरीत काय, कार्ड आधार ठरते. ती ठाऊक नसली, तर तेच कार्ड नव्या वाटेने घरात आलेले जुने कर्ज ठरते.