बॅच जॉब शेड्यूलर, मुक्त परवान्याचे

अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर कामे रांगेत लावून, उपलब्ध प्रोसेसर, मेमरी आणि वेळ पाहून ती चालवणारी प्रणाली. वापरकर्ता काम स्वतः सुरू करत नाही. किती प्रोसेसर हवेत, किती मेमरी लागेल आणि जास्तीत जास्त किती तास जातील, हे लिहिलेली स्क्रिप्ट तो रांगेत सोडतो. मध्यवर्ती सेवा तिची नोंद घेते, शेड्यूलर पाळी ठरवतो आणि प्रत्येक नोडवर, म्हणजे समूहातील एकेका यंत्रावर, चालणारा एक छोटा प्रोग्रॅम काम सुरू करून त्यावर लक्ष ठेवतो. पाळी केवळ आधी येणाऱ्याला आधी मिळते असे नाही. ज्या गटाने अलीकडे यंत्र भरपूर वापरले, त्याची नवी कामे मागे सरकतात. एखाद्या मोठ्या कामासाठी नोड मोकळे होण्याची वाट पाहताना मधल्या वेळेत लहान कामे उरकून घेता येतात. बॅकफिल नावाची ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘ईझी’ शेड्यूलरमुळे रूढ झाली. तिचा सारा भार वापरकर्त्याने दिलेल्या वेळेच्या अंदाजावर असतो, आणि मुदत संपली म्हणून काम मध्येच मारले जाऊ नये यासाठी लोक तो अंदाज हमखास फुगवून देतात.

असे सॉफ्टवेअर पैसे न मोजता मिळवणे अवघड नाही. निवड चुकते ती वैशिष्ट्यांचे तक्ते ताडून पाहण्यात. कारण नामांकित शेड्यूलरांची वैशिष्ट्ये बहुतांशी सारखीच आहेत, त्यांचे मालक मात्र बदलत आले आहेत. पीबीएस या शेड्यूलरचे उदाहरण बोलके आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात एनक्यूएस या जुन्या प्रणालीची जागा घेण्यासाठी 1991 साली पीबीएसचे काम सुरू झाले आणि 1998 मध्ये त्याची ओपनपीबीएस ही आवृत्ती खुली झाली. पुढे 2003 साली अल्टेअर कंपनीने पीबीएसचे हक्क घेतले. भर व्यावसायिक आवृत्तीवर राहिला आणि खुली आवृत्ती मागे पडली. तिच्यातून फुटून निघालेली टॉर्क ही शाखा अनेक विद्यापीठांनी वर्षानुवर्षे वापरली. पण 2018 मध्ये ती सांभाळणाऱ्या कंपनीने नवे प्रकाशन मोफत देणे थांबवले. गंमत अशी, की तोवर मूळ घराण्याचे दार पुन्हा उघडले होते: अल्टेअरने 2016 साली आपल्या पीबीएस प्रोफेशनलचा सोर्स कोड खुला केला आणि 2020 पासून तो ओपनपीबीएस याच जुन्या नावाने मिळतो.

यावरून परवाना खुला असला की झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सन मायक्रोसिस्टिम्सने 2000 साली विकत घेतलेला ग्रिड इंजिन हा शेड्यूलर 2001 मध्ये खुला केला. 2010 मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि खुला विकास बंद पडला. परवान्यामुळे हाती असलेला कोड कोणी परत घेऊ शकत नव्हते. त्यातून सन ऑफ ग्रिड इंजिन आणि ओपन ग्रिड शेड्यूलर अशा शाखा निघाल्याही. तरी त्या थंडावल्या, कारण पगारी प्रोग्रॅमर व्यावसायिक आवृत्तीकडे गेले होते. तेव्हा कस दुहेरी लावावा लागतो. परवान्याने शाखा काढण्याचा हक्क मिळतो. तो बजावायला सांभाळणारी माणसे एकाहून अधिक संस्थांत असावी लागतात.

या कसोटीच्या जवळ आज स्लर्म आणि एचटीकॉन्डर येतात. स्लर्मचा जन्म 2000 च्या दशकाच्या आरंभी लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला. त्याचा परवाना जीपीएल आहे आणि जगातील अनेक मोठ्या महासंगणकांवर तोच चालतो. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’वरही स्लर्मच आहे. त्याचा विकास पाहणारी शेडएमडी ही कंपनी 2025 च्या डिसेंबरात एनव्हिडियाने घेतली, म्हणजे मालकबदलाची परीक्षा आता त्यालाही द्यायची आहे. एचटीकॉन्डर 1980 च्या दशकापासून विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात वाढला, पूर्वी त्याचे नाव नुसते कॉन्डर होते. रिकाम्या पडलेल्या यंत्रांवर हजारो सुटी, परस्परांशी न बोलणारी कामे पसरवण्यात त्याचा हातखंडा आहे. शेकडो नोड एकाच वेळी लागणाऱ्या कामासाठी मात्र स्लर्म किंवा पीबीएस अधिक योग्य.

आक्षेप असा येतो, की परवान्याची एवढी चिंता कशाला. गरज पडली तर शेड्यूलर बदलून टाकू. रांगेत काम सोडण्याची ‘क्यूसब’सारखी आज्ञा पॉसिक्स मानकातही होती, तेव्हा वरवर हे पटते. पण साधने मागण्याची भाषा पीबीएसच्या दोन शाखांतही एकसारखी राहिली नाही, आणि प्रयोगशाळेत साठलेल्या स्क्रिप्टांची संख्या आठवली की हा बदल किती महाग पडतो ते कळते. दुसरा आक्षेप सेवेचा: पैसे दिल्याशिवाय मदत कोण करणार? मदत विकत घेता येते आणि कोड तरीही खुला राहतो. शेडएमडीचा धंदा मुख्यतः त्यावरच उभा राहिला. कुबरनेटीस असताना हे जुने प्रकार कशाला, हा प्रश्नही रास्त आहे, पण कुबरनेटीस घडवले गेले ते अखंड चालणाऱ्या सेवांसाठी. रांग आणि वाटा या कल्पना त्यात ‘क्यू’ (Kueue) नावाच्या प्रकल्पासारख्या जोडण्यांतून नंतर आल्या.

चार-पाच जणांत एकच यंत्र असेल, तर यातले काहीच नको असते. युनिक्सची ‘बॅच’ आज्ञा किंवा टास्क स्पूलर हा चिमुकला प्रोग्रॅम पुरतो. मात्र एकाच्या कामाने सगळी मेमरी खाऊन दुसऱ्याचे पाडले, की मर्यादा पाळायला लावणारा शेड्यूलर हवाच. स्लर्म हे काम लिनक्सच्या सीग्रुपच्या आधारे करतो आणि एका यंत्रावरही चालतो. डेबियनवर तो शोधताना ‘स्लर्म’ नावाचे पॅकेज उतरवू नये, ते नेटवर्कची रहदारी दाखवणारे वेगळेच साधन आहे. शेड्यूलरच्या पॅकेजचे नाव ‘स्लर्म-डब्ल्यूएलएम’. अनेक नोड जोडायचे असतील, तर ओळख पटवणाऱ्या मंज (munge) या सेवेची एकच किल्ली सर्वांवर ठेवावी आणि सगळ्यांची घड्याळे जुळवून घ्यावीत. नोड दिसत नसल्याची तक्रार आली, तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.