फुकट चित्रकथा आणि भाड्याचं टेबल



ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांचं मूल आहे, त्यांच्याकडे 'डायरी ऑफ अ विम्पी किड'चं निदान एक तरी पुस्तक सापडेलच. पण ही गोष्ट पुस्तकाच्या आधी इंटरनेटवर मोफत होती, हे बऱ्याच आई-बाबांना माहीत नसतं. जेफ किनी यांनी ती २००४ साली 'फनब्रेन' या मुलांच्या संकेतस्थळावर थोडी थोडी करून टाकायला सुरुवात केली. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला तिथलं पहिलं कॉमिक-कॉन भरलं, तेव्हा ते नमुन्याची पानं बरोबर घेऊन गेले. तिथे एब्रम्स प्रकाशनाचे संपादक चार्ल्स कॉखमन यांनी ती पाहिली आणि २००७ साली पहिलं पुस्तक बाजारात आलं. मुलींच्या दप्तरात हमखास दिसणारं रेना टेल्गेमायर यांचं 'स्माईल' हेसुद्धा २००४ मध्ये वेबवरच सुरू झालं आणि २०१० साली स्कॉलॅस्टिकने त्याचं पुस्तक केलं.

या गोष्टी ऐकायला छान वाटतात, आणि चित्रं काढणाऱ्या मुलांना त्या पाठही असतात. पण कॉमिक-कॉनच्या दालनात स्वतःचं टेबल मांडून बसलेले बहुतेक वेबकॉमिकवाले असे प्रकाशकाच्या नजरेत एका दिवसात भरलेले नसतात. ते वर्षानुवर्षं घरी बसून चित्रं काढतात, ती मोफत वाचायला देतात आणि मग पदरचे पैसे घालून चार दिवसांसाठी एक टेबल घेतात. ते असं का करतात आणि त्यात त्यांना काय मिळतं, हे नीट समजावं म्हणून हा लेख. "आई, मला पण टेबल घ्यायचंय" असं उद्या आपल्या घरातूनच कुणी म्हणालं, तर आपल्याला उत्तर माहीत असलेलं बरं!

वेबकॉमिक म्हणजे काय?

आपण 'सकाळ'मध्ये 'चिंटू' वाचत आलो. तशीच चित्रमालिका, पण वर्तमानपत्राऐवजी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेली, म्हणजे वेबकॉमिक. मध्ये संपादक नाही, सिंडिकेट नाही, जागेची मर्यादा नाही. पीट एब्रम्स यांचं 'स्लगी फ्रीलान्स' १९९७ मध्ये सुरू झालं, जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक या जोडीचं 'पेनी आर्केड' १९९८ मध्ये. पुढे २००३ मध्ये रायन नॉर्थ यांचं 'डायनोसॉर कॉमिक्स' आणि जेफ जॅक्स यांचं 'क्वेश्चनेबल कंटेंट' आलं. आपल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचं लाडकं 'एक्सकेसीडी' २००५ चं. ते काढणारे रँडल मन्रो त्याआधी नासासाठी काम करत असत.

संपादक नाही याचा दुसरा अर्थ असा, की पगार देणाराही कुणी नाही. छपाई, विक्री, हिशोब, पत्रव्यवहार, पार्सलं बांधणं, सगळं त्या चित्रकारालाच करावं लागतं. 'स्वतंत्र' या शब्दाची ही किंमत आहे.

सॅन डिएगोचा पसारा

या जत्रांमधली सर्वात गाजलेली जत्रा म्हणजे सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन. १९७० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात पहिल्यांदा तीन दिवसांचा मेळावा भरला, तेव्हा सुमारे ३०० माणसं आली होती. आज हीच संख्या सव्वा लाखाच्या पुढे जाते. १९९१ पासून हा मेळावा समुद्राकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो. २०२० साली महामारीमुळे तो रद्द झाला आणि जुलैतला नेहमीचा मेळावा २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

टीव्हीवर आपल्याला दिसतात ते सिनेमाचे तारे आणि चित्रविचित्र वेष केलेली माणसं. खाली प्रदर्शनाच्या अवाढव्य दालनात मोठ्या कंपन्यांचे दुमजली स्टॉल असतात. त्याच दालनात चित्रकारांची 'आर्टिस्ट्स अ‍ॅली', छोट्या प्रकाशकांचा 'स्मॉल प्रेस' विभाग आणि स्वतंत्र प्रकाशकांचे स्टॉल असतात. वेबकॉमिकवाले सापडतात ते इथे. एकट्याला पूर्ण स्टॉल परवडत नाही म्हणून अनेकजण मिळून एक स्टॉल घेतात. २००० नंतरच्या दशकात आर. स्टीव्हन्स, जॉन रोझेनबर्ग, जेफ्री रोलंड वगैरे मंडळींनी 'डंब्रेला' नावाचा गट केला होता, तो अशाच विचाराचा. याच रोलंड यांनी २००४ मध्ये 'टोपॅटोको' ही कंपनी काढली आणि पुढे कित्येक वेबकॉमिकवाल्यांचे टी-शर्ट आणि पुस्तकं विकायचं काम तिने अंगावर घेतलं.

मोफत देऊन पोट कसं भरतं?

हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. उत्तर असं: वाचणारे पुष्कळ असतात आणि पैसे देणारे थोडे. त्या थोड्यांवरच संसार चालतो. सुरुवातीच्या काळात संकेतस्थळावरच्या जाहिरातींचा बराच आधार होता, पुढे तो कमी झाला. टी-शर्ट, पुस्तकं, मूळ चित्रं यांची विक्री मात्र टिकली. २००९ मध्ये किकस्टार्टर आणि २०१३ मध्ये पेट्रिऑन सुरू झालं, आणि वाचकांना थेट हातभार लावता येऊ लागला.

यातलं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिच बर्लू यांचं 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे कॉमिक २००३ पासून वेबवर मोफत होतं. छापील पुस्तकं संपली होती आणि पुन्हा छापायला पैसे हवे होते, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर्सचं आवाहन केलं. सुमारे १५ हजार लोकांनी मिळून साडेबारा लाखांहून जास्त डॉलर्स दिले. फुकट वाचायला मिळत असलेली गोष्टच लोकांनी विकत घेतली, कारण नऊ वर्षांत ती त्यांची झाली होती. अर्थात असे आकडे अपवादानेच दिसतात. बहुतेकांना नोकरी सांभाळूनच हे करावं लागतं.

मग टेबल कशाला? घरी बसलेल्या चित्रकाराला वाचक म्हणजे फक्त पडद्यावरचा आकडा. टेबलापाशी तो वाचक प्रत्यक्ष उभा राहतो आणि म्हणतो, "परीक्षेच्या दिवसांत मी रोज रात्री तुमचं वाचत होतो." हाच माणूस पुस्तक घेतो, सही मागतो आणि पुढच्या वर्षी मित्राला घेऊन येतो. शिवाय शेजारच्या टेबलावर त्याच धंद्यातली माणसं असतात. कुठला छापखाना चांगला, पार्सलला किती पडतात, कुठल्या करारावर सही करू नये, ही माहिती तिथेच मिळते.

टेबलाचा हिशोब

आता आपण मराठी माणसं, तेव्हा हिशोब मांडूनच बघू. हे आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत. समजा, वाटून घेतलेल्या जागेचे ४०० डॉलर्स, विमानाचे ३००, हॉटेलचे १००० आणि जेवणखाण, रिक्षा-टॅक्सीऐवजी इथली उबर वगैरे मिळून २००. एकूण १९००. पुस्तक २० डॉलर्सना विकायचं, छपाईचा खर्च ५ धरला तर हातात राहतात १५. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला १२७ पुस्तकं विकली पाहिजेत. गुरुवार ते रविवार मिळून दालन साधारण ३६ तास उघडं असतं. म्हणजे चारही दिवस, जेवण किंवा विश्रांती न धरता, दर १७ मिनिटांना एक पुस्तक! यात स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही.

म्हणूनच अनुभवी मंडळी पुस्तकाशेजारी स्टिकर, बिल्ले, छोटी चित्रं अशा कमी किमतीच्या वस्तू ठेवतात, हॉटेलची खोली चौघांत वाटून घेतात आणि घरून डबा आणतात. उरलेली पुस्तकं परत न्यायचा खर्चही ते आधीच धरतात. आणि मुख्य म्हणजे ज्याला आधीपासून वाचक आहेत, त्याचंच टेबल चालतं. नवख्याने पहिल्याच वर्षी सॅन डिएगो गाठलं तर गर्दी समोरून निघून जाते.

आपल्या मुलांना टेबल घ्यायचं असेल तर

१. आधी छोट्या मेळाव्यापासून सुरुवात करावी. शाळेचा किंवा वाचनालयाचा मेळावा, नाहीतर आपल्या मंडळाच्या दिवाळी बाजारातला स्टॉलही चालेल. अमेरिकेत मेरीलँडमधला 'स्मॉल प्रेस एक्स्पो' १९९४ पासून आणि न्यूयॉर्कचा 'मोका' महोत्सव २००२ पासून भरतो आहे. टोरांटोचा कॉमिक महोत्सव २००३ चा. इंग्लंडमधल्यांसाठी यॉर्कशायरमध्ये २००७ पासून 'थॉट बबल' आहे. आखातातल्या मंडळींसाठी 'मिडल ईस्ट फिल्म अँड कॉमिक कॉन' २०१२ मध्ये दुबईत सुरू झालं आणि २०२२ पासून अबू धाबीत भरतं.

२. मोठ्या मेळाव्यांत टेबलासाठी कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. कामाचे नमुने पाहून निवड होते. नकार आला तर त्यात कमीपणा मानू नये, कारण जागा थोड्या आणि अर्ज फार असतात.

३. विक्रीकर विसरू नका. कॅलिफोर्नियात चार दिवस जरी माल विकायचा असला, तरी राज्याचा विक्री परवाना घ्यावा लागतो. थोड्या दिवसांसाठी तात्पुरता परवाना मिळतो. गिऱ्हाईकाकडून कर घेऊन तो वेळेत भरायचा असतो. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथले नियम वेगळे.

४. हा मुद्दा आपल्या लोकांसाठी सर्वात महत्त्वाचा. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्या व्यक्तीने टेबलावर बसून माल विकणं हे 'काम' धरलं जाऊ शकतं, मग ती कितीही हौस असो. काही एच-४ धारकांना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू शकतो, पण सगळ्यांना नाही. मुलांनाही यातून आपोआप सूट मिळते असं समजू नका. वीस-वीस डॉलर्सच्या पुस्तकांपायी ग्रीन कार्डाच्या रांगेत अडचण नको. आधी वकिलाला विचारा. आखातातल्या वाचकांनीही तिथले परवान्याचे नियम असेच तपासावेत. मोफत प्रसिद्ध करून वाचक जमवत राहण्यात मुलाची दोन वर्षं गेली, तर ती वाया जात नाहीत.

५. चित्रं स्वतःच्या पात्रांची असावीत. स्पायडरमॅनची चित्रं चटकन विकली जातात खरी, पण ते पात्र आपलं नाही. मालक आक्षेप घेऊ शकतो, आणि त्या गिऱ्हाईकाला आपली गोष्ट वाचायची असतेच असंही नाही.

६. जमा-खर्चाची वही मुलालाच लिहू द्यावी. शेवटी तोटा झाला तरी चालेल, पण तो किती झाला हे त्याला सांगता आलं पाहिजे.

नुसतं पाहायला जाणार असाल तर

सॅन डिएगोचे बॅज महिनोन्‌महिने आधी इंटरनेटवरून घ्यावे लागतात. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर मुलांना घेऊन जाऊ नका. आत गेल्यावर निदान एक तास मोठ्या स्टॉलांची गर्दी सोडून छोट्या टेबलांकडे काढा. नकाशावर ते भाग आधीच खुणा करून ठेवा, कारण दालन चालून पाय दुखतात.

टेबलापाशी काही साधे शिष्टाचार आहेत. पुस्तक चाळायला हरकत नसते, पण हात कोरडे हवेत. फोटो काढण्याआधी विचारावं. घ्यायचं नसेल तर दोन शब्द बोलून बाजूला व्हावं, म्हणजे मागच्या गिऱ्हाईकाला जागा होते. किमतीत घासाघीस करू नये. तुळशीबागेतली सवय इथे कामाची नाही! आणि "हे नेटवर फुकट आहे ना?" असं मोठ्याने विचारू नये. ते त्यांना माहीत आहे, त्यांनीच ते तिथे ठेवलंय. मुलाला हातात दहा-वीस डॉलर्स देऊन स्वतः निवडायला सांगावं. पुस्तक काढणारा माणूस समोर बसलेला आहे आणि त्याला आपण प्रश्न विचारू शकतो, ही संधी शाळेच्या पुस्तक-जत्रेत क्वचितच मिळते.

आपल्या मंडळातल्या घरांतही वहीच्या मागच्या पानांवर चित्रकथा काढणारी मुलं आहेत. अभ्यासाच्या वेळी वही ओढून घेण्याआधी एकदा ती वाचून पाहा, आणि पुढे काय होतं ते त्यांना विचारा. दिवाळी अंकासाठी अशा चित्रकथा जरूर पाठवा, आम्ही आनंदाने छापू. कुणी आधीच एखाद्या मेळाव्यात टेबल मांडलं असेल, तर आपला अनुभव खर्चाच्या आकड्यांसकट कळवा. पुढच्याला त्याचा उपयोग होईल.