दोन देश आणि एक पाणलोट

राष्ट्राराष्ट्रांतील संबंध म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे राजदूत, तह आणि शिखर परिषदा उभ्या राहतात. परंतु १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा तिच्या ७१व्या कलमाने आर्थिक व सामाजिक परिषदेला बिगर-सरकारी संस्थांशी विचारविनिमय करण्याची मुभा दिली. सरकारांपलीकडेही जगाच्या व्यवहारात कोणाला तरी बोलण्याचा अधिकार आहे, हे त्यातून मान्य झाले. या तत्त्वाची कसोटी न्यूयॉर्क-जिनिव्हाच्या सभागृहांत लागली, तशीच ती आपल्या मराठवाड्याच्या व शेजारच्या नगर जिल्ह्याच्या उघड्या माळरानांवरही लागली. त्याचीच ही हकिकत.

तिचा आरंभ जर्मनीत होतो. महायुद्धाच्या राखेतून तो देश सावरत असताना, १९५८ साली, कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने तेथील महागुरुस्वामींनी 'मिझेरिओर' ही संस्था स्थापन केली. भुकेल्या जनसमुदायाविषयी प्रभू येशूला वाटलेली कणव हाच त्या लॅटिन नावाचा अर्थ. प्रायश्चित्तकाळात भाविकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेली वर्गणी हे तिचे भांडवल. १९६१ मध्ये जर्मन सरकारने विकास-सहकार्याचे स्वतंत्र मंत्रालय काढले आणि १९६२ पासून कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही ख्रिस्तसभांच्या मध्यवर्ती कार्यालयांमार्फत सरकारी निधीही परदेशांतील कामांसाठी जाऊ लागला. तो धर्मप्रसारासाठी वापरायचा नाही, हे बंधन त्यावर होते. 'मिशनच्या पैशां'विषयी ज्यांच्या मनात किंतू असतो, त्यांना हे बंधन सहसा ठाऊक नसते.

इकडे महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. रोजगार हमीची कामे निघाली, धान्य वाटले गेले, माणसे जगली. परंतु दुष्काळ पुन्हा आला, की पुन्हा तेच. सरकारी मृद्संधारणाची कामेही बरीच झाली. पण शेतकऱ्याला न विचारता त्याच्या शेतात घातलेला बांध पुष्कळदा त्यानेच नांगरून टाकला. १९४८ साली भारतात आलेले स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर नगर येथील 'सोशल सेंटर'मधून शेतकऱ्यांमध्ये काम करीत होते. एकेक विहीर, एकेक कर्ज, एकेक शेतकरी अशा मदतीने दुष्काळ हटत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. पाऊस जेथे पडतो त्या डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत सगळे शिवार एकत्र घेतले पाहिजे, आणि तसे घ्यायचे तर सगळे गाव एकत्र आले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले.

१९८९ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना दोन्ही देशांच्या सरकारांपुढे मांडली. तिच्यातून 'भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम' उभा राहिला आणि १९९२ पासून प्रत्यक्षात आला. जर्मन सरकारच्या विकास बँकेने निधी दिला, भारताच्या बाजूने नाबार्डने जबाबदारी घेतली आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी नगरला 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' स्थापन केला. करार दोन सार्वभौम राष्ट्रांचा. पण त्याची मूळ कल्पना व गावापर्यंतची वाट या दोन्ही गोष्टी बिगर-सरकारी होत्या.

या कार्यक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट पैसा नव्हे, अटी होत्या. ग्रामसभेने ठराव केल्याशिवाय काम नाही. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गावानेच पाळायची. अकुशल मजुरीच्या खर्चापैकी सुमारे १६ टक्के वाटा श्रमदानाने उचलायचा. आधी काही दिवस श्रमदान करून गावाने आपली तयारी सिद्ध करायची आणि मगच मोठ्या कामास मंजुरी मिळायची. निधी गावाची पाणलोट समिती व स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होई. म्हणजे बर्लिन व दिल्ली यांच्या सह्या झाल्या तरी गावाची सही बाकीच असे.

मराठवाड्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे जालना तालुक्यातील कडवंची. तेथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कार्यक्रमातून सलग समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांधांची कामे केली. पुढे ते गाव शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी ओळखले जाऊ लागले. या अनुभवाचा परिणाम राष्ट्रीय धोरणावरही झाला. १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधीची घोषणा झाली. त्यासाठी केंद्र सरकार व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये द्यायचे ठरले.

मात्र वाचकहो, गुणगान करून थांबणे योग्य नव्हे. चराईबंदीने डोंगर हिरवा झाला. पण ज्याच्याकडे शेत नाही, चार शेळ्याच आहेत, त्याचा भार वाढला. पाणी अडले ते ज्याच्या विहिरीत उतरले, त्याचा लाभ मोठा. भूमिहीनाच्या वाट्याला मुख्यतः मजुरी आली. पुढे कित्येक ठिकाणी खोल कूपनलिकांनी जमिनीतले साठलेले पाणी उपसले गेले. एकत्र येऊन पाणी मुरविणे गावांना जमले. एकत्र बसून ते वाटून घेणे अधिक अवघड ठरले.

परकीय पैशाविषयी शासनाचा कटाक्षही जुनाच आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्द करण्यास मनाई केली. हिशेब मागण्याचा शासनाचा हक्क निर्विवाद आहे. तथापि मोठ्या संस्थेने निधी आणावा आणि खेड्यातल्या लहान संस्थेने काम करावे, ही वाट या दुरुस्तीने बंद झाली, हेही नोंदविले पाहिजे.

फादर बाखर यांचे २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांच्या कार्यातून आपल्या धर्मग्रामांनी घेण्याजोगा बोध असा, की देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते बरोबरीचे व्हायचे असेल, तर घेणाऱ्याच्या हाती निर्णय, हिशेब आणि नकार देण्याचा अधिकार असावा लागतो. देशादेशांतील व्यवहाराला जे लागू, तेच धर्मग्रामाच्या मदतनिधीलाही लागू आहे. उन्हाळ्याच्या तोंडी आपण पुन्हा टँकरची व धान्याची यादी करू. ती अवश्य करावी. परंतु त्याआधी आपल्या गावाच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतो तेव्हा आपल्यापैकी किती जण तेथे हजर असतात आणि शेळ्या राखणाऱ्याच्या बाजूने किती जण बोलतात, याचीही गणना करावी.