ग्रहण पाहायला निघालेल्या मुली

शाळेची सहल ठरली की दोन याद्या तयार होतात, येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची. सहल मुक्कामाची असेल, तर दुसऱ्या यादीत मुलींची नावे अधिक का असतात, असा प्रश्न अनेक शिक्षकांना पडला असेल. तब्येतीला झेपणार नाही, प्रवास दूरचा आहे, रात्रीची वेळ आहे, ही कारणे आपल्या ओळखीची आहेत. हीच कारणे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दिली जात होती, आणि त्यांना एका शिक्षिकेने सहल काढूनच उत्तर दिले.

त्या शिक्षिकेचे नाव मारिया मिचेल. त्यांचा जन्म १८१८ साली नॅन्टुकेट बेटावर झाला. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजांचे हे बेट. जहाजांवरची घड्याळे ताऱ्यांच्या आधारे तपासून देण्याचे काम मारियाचे वडील करीत. फेब्रुवारी १८३१ मध्ये तेथून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. वडील दुर्बिणीतून पाहत होते आणि बारा वर्षांची मारिया घड्याळाकडे पाहून सेकंद मोजत होती. तिच्या आकड्यांवर वडिलांचे गणित अवलंबून होते. मुलीला नुसते ग्रहण दाखवले नाही, तिच्यावर काम सोपवले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

१ ऑक्टोबर १८४७ रोजी मारिया मिचेल यांनी दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधला. त्याबद्दल त्यांना डेन्मार्कच्या राजाचे सुवर्णपदक मिळाले. १८६५ मध्ये मुलींसाठी वासर महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्या तेथे खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. हे तू पुस्तकात वाचलेस की स्वतः पाहिलेस, असे त्या विद्यार्थिनींना विचारत. ७ ऑगस्ट १८६९ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्या काही विद्यार्थिनींना घेऊन आयोवा राज्यात बर्लिंग्टनला गेल्या.

पुढे १८७३ मध्ये बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचे एक पुस्तक गाजले. वाढत्या वयात मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांची प्रकृती, विशेषतः प्रजननशक्ती, कायमची बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. पुराव्यादाखल त्यांनी मोजक्याच मुलींची उदाहरणे दिली. त्यांतली एक चौदाव्या वर्षी वासरमध्ये दाखल झाल्याचे लिहिले होते. महाविद्यालयाच्या डॉक्टर अलायडा एव्हरी यांनी या म्हणण्याला जाहीर उत्तर दिले. तरीही पालकांच्या मनात भीती बसायची ती बसलीच.

अशा वातावरणात २९ जुलै १८७८ चे खग्रास ग्रहण आले. मिचेल तेव्हा साठीला टेकल्या होत्या. वासरच्या काही माजी विद्यार्थिनींना घेऊन त्या सुमारे तीन हजार किलोमीटर दूर कोलोरॅडोतील डेन्व्हरला निघाल्या. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात दुर्बिणींची भिंगे असलेले सामान प्युब्लो येथे अडकून पडले. भिंगांवाचून दुर्बीण म्हणजे नुसती नळी. सामान कसेबसे वेळेत मिळाले. आधीचे काही दिवस पाऊस होता, पण ग्रहणाच्या दिवशी आकाश निवळले. डॉ. एव्हरी आता डेन्व्हरमध्येच वैद्यकी करीत होत्या. त्यांची या पथकाला मदत झाली.

शहराबाहेर एका टेकाडावर दुर्बिणी उभ्या राहिल्या. खग्रास स्थिती जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांची. तेवढ्यात कोणी सेकंद मोजायचे, कोणी दुर्बिणीला डोळा लावायचा, कोणी प्रभामंडलाचे चित्र काढायचे, हे आधीच ठरले होते. प्रत्येकीचे काम वेगळे, आणि एकीचे चुकले तर सर्वांची नोंद वाया जाणार. या प्रवासाने कोणाची प्रकृती ढासळली नाही.

हा वाद आपल्याकडेही झाला. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले. मुलींना काय आणि किती शिकवावे, यावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून तेथील अभ्यासक्रमावर टीका झाली. शाळा मात्र चालू राहिली, आणि तिच्यातून शिकून गेलेल्या मुलींनीच त्या टीकेचा निकाल लावला.

डेन्व्हरच्या सहलीतून आपण दोन गोष्टी घेऊ शकतो. मुलींना कोठे नेले यापेक्षा तेथे त्यांनी काय केले, याला अधिक मोल आहे. धरण, वेधशाळा किंवा नदीकाठ पाहायला जाताना प्रत्येकीकडे एक मोजमाप द्यावे: पाण्याचे तापमान, काठीच्या सावलीची लांबी, पक्ष्यांची संख्या. नोंद तिच्या नावाने लिहावी. दुसरी गोष्ट पालकांशी बोलण्याची. ‘सहलीला पाठवा’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्या मुलीकडे घड्याळाचे काम आहे, ती आली नाही तर आमची नोंद अपुरी राहील’ असे सांगून पाहावे. सोबत शिक्षिका आहेत, मुक्कामाची सोय अशी आहे, हेही स्पष्ट सांगावे. सगळे पालक मानतील असे नाही, पण न येणाऱ्यांच्या यादीतले एक नाव कमी झाले तरी पुष्कळ झाले.